एलेन जॉन्सन सर्लीफ यांच्यावर महिला दिनाला बोलायचंय, पण चार्ल्स टेलरला दिलेल्या पैशांचं काय करू?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, मी पंचवटीतली. आमच्या भागातले बचत गट मिळून ८ मार्चला कार्यक्रम करतात, दरवर्षी जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी यांच्यावर कुणीतरी बोलतं आणि ते हवंच, पण यावेळी मी म्हटलं मी एलेन जॉन्सन सर्लीफ यांच्यावर बोलते. लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या, २००६ ते २०१८, अख्ख्या आफ्रिका खंडात निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झालेली पहिली बाई, २०११ चं शांततेचं नोबेल. सगळ्यांनी हो म्हटलं, वीस मिनिटं दिलीत.

आता तयारीला बसले तर घरातच वाद सुरू झालाय. भाऊजी म्हणतात या बाईने चार्ल्स टेलरला पैसे दिले होते, लायबेरियातला तोच बंडखोर नेता टेलर ज्याला पुढे युद्धगुन्ह्यांसाठी ५० वर्षांची शिक्षा झाली, आणि सत्तेत आल्यावर स्वतःच्या मुलांना मोठ्या जागांवर बसवलं, मग बायकांसमोर हिचा आदर्श कशाला ठेवतेस. मी शोधलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तरीपण मला ही बाई सोडवत नाहीये. सतराव्या वर्षी लग्न, चार मुलगे, नवरा मारायचा, त्यातून बाहेर पडून एवढं सगळं केलं.

तर ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा की यांच्या करिअरमध्ये नेमकं मोठं काय आहे, नोबेल सोडून. आणि डाग सांगायचे की वगळायचे. समोर पापड-मसाला करणाऱ्या, गंगेवर म्हणजे गोदाकाठी बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायका असणारेत, त्यांचा वेळ मला वाया घालवायचा नाहीये.

सिडकोचे_मास्तर:
ताई विषय छान घेतलात. मी शाळेत इतिहास शिकवायचो, रिटायर झाल्यापासून आफ्रिकेवर जे मिळेल ते वाचतो. वगळू नका काहीच, पण क्रमाने सांगा, म्हणजे पैसे का दिले ते पण लोकांना कळेल.

जन्म १९३८, मनरोव्हिया. लायबेरिया हा अमेरिकेतून परत पाठवलेल्या काळ्या लोकांनी वसवलेला देश, आणि शंभरेक वर्षं तिथे त्या बाहेरून आलेल्यांच्या वंशजांचंच राज्य, मूळच्या जमातींना वर यायला वावच नाही. यांचे वडील गोला जमातीतले, संसदेत पोचलेले पहिले मूळनिवासी. म्हणजे घरात राजकारण होतं पण नंतर वडिलांना पक्षाघात झाला आणि घराची घडी विस्कटली. पुढे लग्न, मुलं, मग नवऱ्याबरोबर अमेरिकेत जाऊन अकाउंटिंग शिकल्या, घटस्फोट घेतला, १९७१ ला हार्वर्डमधून लोकप्रशासनाची मास्टर्स, आणि परत येऊन अर्थखात्यात. सरकारी नोकरीत असताना सरकारवरच जाहीर टीका केली आणि मग काही वर्षं वर्ल्ड बँकेत जावं लागलं. १९७९ ला अर्थमंत्री झाल्या.

आणि आता लक्ष देऊन ऐका, १२ एप्रिल १९८० ला सॅम्युएल डो नावाच्या मास्टर सार्जंटने राष्ट्राध्यक्ष टोलबर्ट यांना ठार मारून सत्ता घेतली. दहा दिवसांनी मनरोव्हियाच्या समुद्रकिनाऱ्यावर खांब रोवले आणि १३ मंत्री-अधिकाऱ्यांना त्यांना बांधून लोकांसमोर गोळ्या घातल्या. सर्लीफबाई त्याच मंत्रिमंडळात होत्या. त्या सरकारातले जे मोजके मंत्री वाचले त्यात या एक. कुणीही म्हटलं असतं की जीव वाचला, आता राजकारणाचं नाव नको. या नैरोबीत सिटीबँकेत होत्या, चांगला पगार, मुलं मोठी झालेली. १९८५ ला निवडणूक लागली म्हणून परत आल्या! अमेरिकेत एका भाषणात डोच्या सरकारात मूर्ख बसलेत असं म्हणाल्या, त्यावर १० वर्षं सक्तमजुरी. बाहेरून दबाव आला तेव्हा सुटका झाली, मग सिनेटला उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि निवडणुकीत घोटाळा झालाय म्हणून जिंकलेल्या जागेवर बसायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये उठावाचा प्रयत्न फसला तर पुन्हा उचललं, जेलमध्ये जिवे मारायच्या, बलात्काराच्या धमक्या. १९८६ ला सुटल्या आणि देश सोडून गेल्या.

आता टेलर. १९८९ च्या डिसेंबरमध्ये तो डोच्या विरोधात हत्यारं घेऊन उतरला तेव्हा बाहेर पळालेल्या बऱ्याच लोकांना वाटलं की डो जाईल तर बरं. त्यात या होत्या, त्यांच्या गटाने १०,००० डॉलर दिले. पुढे तो काय निघाला ते जगाने बघितलं. तिथल्या दोन गृहयुद्धांत मिळून अडीच लाखाच्या आसपास माणसं मेली असं धरतात, आणि २००८ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या ३५ लाखही नव्हती. आपला एकटा नाशिक जिल्हा २०११ ला ६१ लाख होता, त्यावरून बघा किती घरं उजाड झाली असतील. १९९७ ला त्याच टेलरच्या विरोधात या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तो ७५ टक्के आणि या १० च्या आसपास. लोक घाबरलेले होते, तो हरला तर परत युद्ध करेल म्हणून त्यालाच मतं दिली.

मधली पाच वर्षं, १९९२ ते ९७, यूएनच्या विकास कार्यक्रमात आफ्रिका विभागाच्या प्रमुख होत्या. ते पद सोडून त्या निवडणुकीला आल्या होत्या. नंतर रवांडाच्या नरसंहाराची चौकशी करणाऱ्या आफ्रिकन समितीतही होत्या.

एमपीएससी_यंदा_नक्की:
मास्तर सर तुमचं सगळं मान्य, पण ताईंच्या भाऊजींचा मुद्दा इतक्यावर सुटत नाही. मी आंतरराष्ट्रीय संबंध वाचतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लायबेरियात युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करायला सत्य आणि समेट आयोग बसला होता, त्याच्यासमोर २००९ मध्ये त्या स्वतः हजर झाल्या, टेलरला सुरुवातीला मदत केली हे कबूल केलं आणि माफी मागितली. त्याच वर्षी आयोगाने अहवालात जी यादी दिली त्यात राष्ट्राध्यक्षांचं पण नाव, ३० वर्षं कुठलंही सरकारी पद भूषवू नये अशी शिफारस. २०११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बाजू मांडू न देता अशी बंदी घालणं घटनेत बसत नाही. कायद्याने त्या सुटल्या, पण मला खुपतं ते वेगळं आहे. ज्यांनी गावं जाळली, लहान पोरांच्या हातात बंदुका दिल्या, त्यांच्यावर लायबेरियात खटलेच चालले नाहीत, तसं कोर्ट यांच्या १२ वर्षांत उभं राहिलं नाही. टेलरला शिक्षा झाली ती पण शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. ज्या आईचा मुलगा लायबेरियात मारला गेला तिला काय मिळालं?

मुलांचं: एक राष्ट्रीय तेल कंपनीचा चेअरमन, एक सेंट्रल बँकेचा डेप्युटी गव्हर्नर, आणि सावत्र मुलगा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा प्रमुख. तिघं. लेमा बोवी, ज्यांना यांच्याचबरोबर नोबेल मिळालं, त्यांनी यावरून २०१२ मध्ये उघड टीका केली आणि समेटाच्या कामाच्या समितीचा राजीनामा दिला. आता हेही सांगायला हवं की त्याच वर्षी मालमत्ता जाहीर केली नाही म्हणून ज्या ४६ अधिकाऱ्यांना यांनी निलंबित केलं त्यात बँकेतला मुलगा पण होता.

आणि इबोला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मनरोव्हियातली वेस्ट पॉइंट नावाची झोपडपट्टी सैन्य लावून बंद केली, लोकांना आधी सांगितलंच नाही, सकाळी उठून बघतात तर तारा आणि सैनिक. गोळीबारात एक १५ वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे गावोगावच्या लोकांना विश्वासात घेतलं तेव्हा साथ आटोक्यात आली, तोवर सुमारे ४,८०० माणसं गेली होती. नंतर त्यांनी ती चूक मान्य केली, ठीक आहे. पण भाषणात हे सगळं यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

निफाडची_माजी_सरपंच:
ताई, मी पाच वर्षं गावची सरपंच होते, महिला राखीव जागा. तुमच्या प्रश्नात "नेमकं मोठं काय" असं आहे ना, त्यावर मला बोलायचंय, कारण माझ्या मते सगळे जेलच्या आणि नोबेलच्या गोष्टी सांगतात आणि कर्जाची गोष्ट राहून जाते.

मी पदावर बसले तेव्हा पंचायतीच्या पाणीयोजनेचं वीजबिल आधीच्यांनी इतकं थकवलेलं की कनेक्शन तोडलं होतं. बायका डोक्यावर हंडे घेऊन माझ्या दारात. आता बिल भरायला पैसे नाहीत, पाणीपट्टी मागावी तर लोक म्हणतात आधी पाणी द्या, आणि पाणी द्यायचं तर आधी बिल भरा. हा फास ज्याने बघितलाय त्याला सर्लीफबाईंचं काम लगेच कळेल. त्या १६ जानेवारी २००६ ला शपथ घेतात तेव्हा देशावर बाहेरचं कर्ज ४९० कोटी डॉलर आणि सरकारचं वर्षाचं बजेट ८ कोटी डॉलरच्या आसपास! राजधानीत वीज नाही, नळाला पाणी नाही. लाकूड आणि हिऱ्यांच्या विक्रीवर यूएनची बंदी, कारण त्या पैशावर युद्ध चालायचं. नवं कर्ज कुणी देणार नाही कारण जुनं थकलंय.

मग बाईंनी काय केलं तर जे त्यांना आयुष्यभर येत होतं तेच केलं, हिशोब. त्या यायच्या आधीच दाता देशांनी एक अट घातली होती की सरकारी खात्यांतून पैसा निघताना लायबेरियन अधिकाऱ्याच्या सहीबरोबर बाहेरच्या तज्ज्ञाची पण सही लागेल. दुसऱ्या कुणी याला अपमान म्हणून राजकारण केलं असतं. बाईंनी ते चालू ठेवलं, कारण चोरी थांबल्याशिवाय कर्ज माफ होणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्थमंत्री म्हणून अँटोनेट सायेह यांना आणलं, त्या वर्ल्ड बँकेतून आलेल्या. लाकूड आणि हिऱ्यांवरची बंदी उठवून घेतली. २००९ मध्ये खासगी सावकारांचं १२० कोटी डॉलरचं जुनं कर्ज सुमारे ९७ टक्के सूट मिळवून मिटवलं. आणि २०१० च्या जूनमध्ये वर्ल्ड बँक आणि नाणेनिधीच्या अटी पुऱ्या करून एकूण ४६० कोटी डॉलर माफ. साडेचार वर्षांत. हे भाषण ठोकून होत नाही, बैठकीला बसून, कागद वाचून, समोरच्याचे आकडे त्याच्यापेक्षा जास्त पाठ असले तर होतं. मला पंचायत समितीच्या बैठकीत लोक विचारायचे "साहेब नाही आले का?" म्हणजे माझे मिस्टर. म्हणून मी खातेवही पाठ करून जायला लागले, तेव्हा कुठे माझ्याकडे बघून बोलायला लागले. म्हणून मला या बाईचं हे अंग फार जवळचं वाटतं.

२६ जुलै २००६ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, मनरोव्हियाच्या काही रस्त्यांवर दिवे लावले. पंधराएक वर्षांनी सरकारी वीज आली होती. तिथल्या तरुण पोरांनी जन्मात रस्त्यावरचा दिवा लागलेला बघितला नव्हता.

तुमच्या भाजीवाल्या बायकांसाठी अजून एक. २००५ च्या निवडणुकीत समोर जॉर्ज वेआ होता, जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून नावाजलेला, पोरं त्याच्यासाठी वेडी. पहिल्या फेरीत तो पुढे, २८ टक्के, बाई २० च्या जवळ. पुढच्या फेरीत फरक पडला तो बाजारातल्या बायकांमुळे. मतदार नोंदणीच्या वेळी बायका स्टॉल सोडून जायच्या नाहीत, एक दिवस धंदा बुडला की रात्री चूल पेटत नाही, तर कार्यकर्त्या बाजारात जाऊन त्यांच्या मालाजवळ बसल्या, पोरं सांभाळली आणि त्यांना नोंदणीला पाठवलं. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या फेरीत बाई ५९ टक्के मतं घेऊन आल्या. आणि विसरल्या नाहीत, बाजार बांधायला, शेड, संडास, लेकरांना बसायला जागा, यासाठी त्यांच्या नावाने वेगळा निधी उभा राहिला. बुधवारी आपल्याकडे गंगेवर पाल टाकून बसणाऱ्या बाईला दिवसभर लघवीला जायची सोय नसते म्हणून ती पाणीच पीत नाही, हे तुम्हाला माहितीये. तिला सांगा की एका देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी या गोष्टीला सरकारी काम मानलं.

मुलांना पदं दिली ते चूकच. मी स्वतः सरपंच असताना दिराला गावातलं एक काम द्या म्हणून घरातून किती दबाव होता ते मला माहिती आहे, नाही दिलं तर जेवताना कुणी बोलत नाही. तरी नाही म्हणता येतं. त्यांनी म्हणायला हवं होतं.

गोदाकाठची:
सरपंच ताई, तुमचं वाचताना अंगावर काटा आला, शेवटचं तर घरी मोठ्याने वाचून दाखवलं. एमपीएससी दादा, तुमचं पण घेतलंय लिहून, वेस्ट पॉइंटचं मला माहितीच नव्हतं. एक विचारते, लेमा बोवी आणि पांढरे टी-शर्ट घातलेल्या बायकांचं आंदोलन होतं ना, त्यात सर्लीफ होत्या का? मी दोन्ही एकत्र सांगणार होते.

सिडकोचे_मास्तर:
एकत्र सांगू नका ताई, ते श्रेय बोवी आणि त्या बायकांचंच. २००३ ला ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र येऊन मनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसायच्या, पांढरे कपडे घालून. घानामध्ये अक्रा इथे युद्ध थांबवायच्या वाटाघाटी चालू होत्या तेव्हा बायकांनी सभागृहाचा दरवाजा अडवला की तह केल्याशिवाय पुरुषांनी बाहेर पडायचं नाही. त्या ऑगस्टमध्ये टेलर देश सोडून गेला. सर्लीफ त्यांच्या बाजूने होत्या, पण रस्त्यावर बसल्या त्या या बायका. त्यांनी तयार केलेल्या जमिनीवर सर्लीफ निवडून आल्या असं म्हणा.

जाता जाता, लायबेरियाच्याच अँजी ब्रूक्स १९६९ ला यूएन महासभेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसलेली एकच बाई, १९५३ ला आपल्या विजयालक्ष्मी पंडित, ज्यांचे यजमान रणजित पंडित मराठी.

त्र्यंबकरोड_धावपटू:
मी पोलीस भरतीची तयारी करतेय, ग्राउंड चालू आहे, म्हणून उशिरा लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एक गोष्ट सोडली जी आपल्या कार्यक्रमात सांगायलाच पाहिजे. माझी मावशी सीआरपीएफमध्ये होती आणि लायबेरियात जाऊन आलीये!

यूएनच्या शांतिसेनेत फक्त बायकांची अशी पोलीस तुकडी जगात पहिल्यांदा भारताने पाठवली, २००७ च्या जानेवारीत, लायबेरियाला, सव्वाशेच्या आसपास बायका. दर वर्षी तुकडी बदलायची, २०१६ पर्यंत चाललं. राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसच्या बाहेर पहारा यांचाच. मावशी सांगते की रात्रीची गस्त असायची मनरोव्हियात, बऱ्याच भागात लाईट नसायची, जनरेटर बंद झाला की मिट्ट काळोख, हातात टॉर्च आणि रायफल, आणि पाऊस असा की तिकडून आल्यापासून ती नाशिकच्या पावसाला पाऊस म्हणत नाही. बूट कधी वाळायचेच नाहीत, पेपर कोंबून ठेवायचे आत. दिवसा त्या भागातल्या शाळकरी मुली गेटपाशी येऊन उभ्या राहायच्या, यांच्या वेण्या बघायच्या, बंदूक खरी आहे का विचारायच्या. युद्धात ज्या बायकांवर गणवेशातल्या पुरुषांनी अत्याचार केलेले त्या पोलीस स्टेशनात पाऊल ठेवायला घाबरायच्या, पण बाई पोलीस दिसली की बोलायच्या.

सर्लीफ यांनी पोलीसप्रमुख म्हणून पण एका बाईलाच नेमलं होतं, बिएट्रिस म्युना सिएह. आणि यूएनने तुकडी परत पाठवताना सांगितलं की नऊ वर्षांत लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. सर्लीफ स्वतः म्हणायच्या की भारतीय मुलींना बघून आमच्या मुली भरतीला आल्या. त्यांना भारताने इंदिरा गांधी शांतता पुरस्कार दिला, २०१३ मध्ये दिल्लीला येऊन घेतला. मावशी आता रिटायर आहे, ताई तुम्ही बोलवलंत तर येईल, मेसेज करते.

एमपीएससी_यंदा_नक्की:
हे भारी आहे, सीआरपीएफचं वाचलं होतं पण घरातल्या कुणी जाऊन आलंय असं पहिल्यांदा ऐकतोय. ताई मावशींना नक्की बोलवा.

मी टीका केली म्हणून ज्यात त्या मला सगळ्यात मोठ्या वाटतात ते पण लिहितो. २०१६ मध्ये त्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, तिथली पहिली बाई. डिसेंबरमध्ये गांबियाचा याह्या जामे, २२ वर्षं सत्तेत बसलेला माणूस, निवडणूक हरला, आधी हार मान्य केली आणि आठवड्याभरात फिरला, म्हणाला मी जात नाही. सर्लीफ अजून तीन नेत्यांना घेऊन थेट गांबियाच्या राजधानीत, बांजुलला गेल्या, समोर बसून सांगितलं जा म्हणून. तो ऐकेना, मग इकोवासचं सैन्य सीमेवर उभं केलं आणि बोलणी पण चालू ठेवली. २१ जानेवारी २०१७ ला तो विमानात बसून देश सोडून गेला. वय ७८ होतं यांचं तेव्हा. ज्या बाईने १९८० ला सत्तापालटात आपले सहकारी किनाऱ्यावर मारले गेलेले बघितले तिने दुसऱ्या देशातलं तसलंच संकट बोलून टाळलं. नंतर कोव्हिडमध्ये जग कुठे चुकलं हे तपासायला डब्ल्यूएचओने जे स्वतंत्र पॅनल नेमलं त्याच्याही सहअध्यक्ष या आणि न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क होत्या. इबोला हाताळताना बसलेला फटका इथे कामी आला असणार असं मला वाटतं.

गोदाकाठची:
मावशींचा नंबर मिळाला, बोलणं पण झालं, येतायत! मग मी असं ठरवलंय की आधी कर्ज आणि बाजार, मग बोवींच्या बायका, मग मावशी बोलतील, आणि टेलर, मुलं, वेस्ट पॉइंट हे सगळं मी स्वतः सांगणार, लपवणार नाही. भाऊजी पण येतो म्हणालेत. फक्त शेवट कुठे करू ते कळत नाहीये, सत्ता कशी सोडली ते नीट सांगाल का कुणी?

निफाडची_माजी_सरपंच:
ते मास्तरांनी सांगावं, पण माझं एकच, सही करून खुर्ची सोडताना पोटात कसं होतं ते मला माहितीये, त्यामुळे ते जरा सावकाश सांगा.

सिडकोचे_मास्तर:
सांगतो. घटनेप्रमाणे दोन टर्म, सहा-सहा वर्षांच्या. आजूबाजूला किती जणांनी घटना बदलून तिसरी घेतली. यांनी तसा प्रयत्न केला नाही. २०१७ च्या निवडणुकीत यांचे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई आणि समोर तोच जॉर्ज वेआ. सर्लीफ आपल्याच माणसाच्या प्रचाराला जोर लावत नाहीत, वेआला आतून मदत करतात असा आरोप झाला, आणि पक्षाने त्यांना २०१८ च्या जानेवारीत, पदावर असतानाच, काढून टाकलं. वेआ जिंकला. २२ जानेवारी २०१८ ला त्याच्या शपथविधीला या हजर होत्या. निवडून आलेल्या एका माणसाकडून दुसऱ्या निवडून आलेल्या माणसाकडे शांतपणे सत्ता गेली ती लायबेरियात १९४४ नंतर पहिल्यांदाच. मो इब्राहिम पुरस्कार त्यासाठीच मिळाला, आफ्रिकेत चांगला कारभार करून वेळेवर पायउतार होणाऱ्यांना देतात, आणि बऱ्याच वर्षी लायक कुणी नाही म्हणून देतच नाहीत.

पुढचं पण सांगा, ते फार लोकांना माहीत नसतं. २०२३ ला वेआ आणि बोआकाई पुन्हा समोरासमोर. यावेळी बोआकाई ५०.६४ टक्के, वेआ ४९.३६, म्हणजे फरक जेमतेम वीसेक हजार मतांचा, आणि ज्या देशात निकालावरून माणसं मारली जायची तिथे वेआने पूर्ण मोजणी संपायच्या आतच रेडिओवर भाषण करून हार मान्य केली आणि बोआकाईंना फोन करून अभिनंदन केलं.